आधी पाय मोजावे, मग अंथरूण घ्यावे



या व्यासपीठावर आजवर विद्वान मंडळी बोलून गेली. आमचे शिक्षण दहावीपर्यंतचे, आणि तेही चादरीच्या कारखान्यातली रात्रपाळी सांभाळून झालेले. त्यापुढे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर, कारखान्याच्या दारातल्या सभांत आणि मालकांशी झालेल्या करारांची कलमे पुन्हापुन्हा वाचताना. तेव्हा आमच्या बोलण्यात पांडित्य सापडणार नाही. हिशेब मात्र सापडेल; आणि तो चुकीचा निघाला तर भर सभेत उभे राहून तसे सांगण्याचा अधिकार आपणां सर्वांना आहे.

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, "घरासाठी सौरविजेचा संच किती मोठा घ्यावा." ते जरा थबकले. संघटनेतला माणूस किमान वेतनावर बोलेल, श्रमसंहितांवर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. पण हा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला. कारण या बाबतीत आमच्या हातून एक चूक झाली आहे. ती अनेकांना भोवली, आणि ज्या सोलापुरात ती घडली त्याच सोलापुरात ती उघड सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

वीज आणि कामगार यांचे नाते जुने आहे, आणि ते सदैव गोडीचे होते असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे लागले. त्यापूर्वी सूर्य मावळला की साचे थांबत. दिवे आले आणि कामाचा दिवस चौदापंधरा तासांपर्यंत ताणला गेला. त्यावर कामगारांनी आरडाओरडा केला, चौकशा झाल्या, आणि शेवटी १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला. म्हणजे वीज आमच्या आजोबा-पणजोबांच्या दारी आली ती प्रकाश म्हणून नव्हे, तर जादा पाळी म्हणून. पुढे १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते, आणि वीज व पाटबंधारे हे विषयही त्याच खात्याकडे होते. मजुरांचा प्रश्न आणि विजेचा प्रश्न एकाच मेजावर असावेत, ही गोष्ट आम्हांला नेहमी अर्थपूर्ण वाटत आली आहे.

आता काळ असा आला आहे की वीज कामगाराच्या स्वतःच्या छपरावर तयार होऊ शकते. उजेडातून वीज निघते हे फ्रान्समधल्या एदमाँ बेकरेल याने १८३९ साली पाहिले. कामाला लावता येईल असा सिलिकनचा सेल अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने १९५४ साली दाखवला. पडलेल्या उन्हाच्या शंभर भागांपैकी सुमारे सहा भागांची तो वीज करी. आज बाजारात मिळणारे चांगले पॅनेल वीस भागांहून अधिक वीज करते. आणि २०२४ साली केंद्र सरकारने 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' सुरू केली, तिचे लक्ष्य एक कोटी घरांचे आहे. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये, आणि त्यापुढे घराला काही नाही. म्हणजे तीन किलोवॉटला एकूण ७८,००० रुपये अनुदान.

याच ७८,००० च्या आकड्याने आम्हांला फसवले.

झाले ते असे. २०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या संघटनेच्या कचेरीत या योजनेची चर्चा सुरू झाली. एक विक्रेता आला. नम्र माणूस, हातात छापील तक्ते. घाऊक मागणी दिलीत तर दर कमी करतो, म्हणाला. आम्ही विचार केला, मिळायचे ते अनुदान पुरते वसूल करावे. सरकार ७८,००० देत असताना ३०,००० वर समाधान मानणारा वेडाच! तेव्हा "सर्व सभासदांनी तीन किलोवॉटचा संच घ्यावा," असे परिपत्रक निघाले, आणि त्याखाली सही आमची होती. अठ्ठावीस घरांनी संच बसवले. त्या अठ्ठावीसांपैकी नऊ घरांचा विजेचा वापर महिन्याला शंभर युनिटांच्या आत होता. ही गोष्ट आम्ही आधी तपासली नव्हती. वेतनाचा करार करताना जो माणूस पैपैचा तक्ता मांडतो, त्याने येथे एकही बिल उलगडून पाहिले नाही.

त्या नऊ घरांत पूर्वभागातल्या एका विडी कामगार भगिनीचे घर होते. दोन खोल्या, वर पत्र्याऐवजी नुकताच घातलेला स्लॅब, घरात ती, तिचा मुलगा आणि सून. वापर महिन्याला नव्वद युनिटे. बिल सहाशे-साडेसहाशेचे. संचाची किंमत अनुदान वजा जाता एक लाख वीस हजार. ती रक्कम एका खाजगी कर्जसंस्थेकडून पाच वर्षांच्या मुदतीने, शेकडा बारा व्याजाने घेतली. वर्षभराने ती कचेरीत आली. तिने दोन कागद टेबलावर शेजारीशेजारी ठेवले आणि म्हणाली, "अण्णा, बिल गेलं, पण हप्ता आला."

बिल दीडशे रुपयांवर आले होते. कारण वीज एक युनिटही न वापरली तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. हप्ता होता २,६७० रुपये. म्हणजे पूर्वी महिन्याला साडेसहाशे जात होते, आता दोन हजार आठशेंहून अधिक जाऊ लागले. तिच्या छपरावर वर्षाला चार हजारांहून जास्त युनिटे निघत होती आणि घराला लागत होती एक हजार ऐंशी. उरलेल्या युनिटांचे वर्षाअखेर जे पैसे जमा झाले ते पुढच्या बिलांतून वळते व्हायचे. पण बिलच दीडशेचे, तेव्हा ती जमा कागदावर पडून राहिली. हप्ता मात्र दर महिन्याला रोख! हजार विड्या वळल्यावर काय हाती पडते हे या सभेतल्या अनेकांना ठाऊक आहे. त्यातले किती हजार आमच्या एका सहीपायी गेले, याचा हिशेब आपणच करावा.

ती भगिनी रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. तिने फक्त विचारले, "मग मला किती पाहिजे होता?" या प्रश्नाचे उत्तर आम्हांला त्या दिवशी देता आले नाही. आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

आपल्याकडे म्हण आहे, अंथरूण पाहून पाय पसरावे. सौरविजेच्या बाबतीत ती थोडी फिरवून घ्यावी लागते. येथे अंथरूण अजून विकत घ्यायचे आहे. तेव्हा आधी पाय मोजावे, आणि मग पायांपुरते अंथरूण घ्यावे. पाय म्हणजे घराचा वापर.

तो कसा मोजायचा? पहिल्याने दोन शब्दांतला भेद ध्यानात घ्यावा. किलोवॉट हा जोर आहे आणि युनिट हे काम आहे. एक किलोवॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट झाले. कामगारांच्या भाषेत सांगायचे तर किलोवॉट म्हणजे यंत्राची ताकद आणि युनिट म्हणजे पाळीअखेर मोजलेला माल. विक्रेता ताकद विकतो. वीजकंपनी मालाचे पैसे घेते. ताकदीवरून मालाकडे कसे जायचे हे ज्याला समजले, त्याला कोणी फसवू शकत नाही.

आता विजेचे बिल हातात घ्या. त्यात शेवटचा रकमेचा आकडा सोडून द्या, आणि मागच्या महिन्यांचा वापर दाखवणारा भाग पाहा. तेथे युनिटे असतात. बारा महिन्यांची युनिटे एका कागदावर उतरवा. एका महिन्याची नव्हे, बाराची! आमच्या ओळखीच्या एका फिटरच्या घरचे आकडे त्याच्या परवानगीने सांगतो. एप्रिल ३२०, मे ३५०, जून २९०, जुलै २२०, ऑगस्ट २१०, सप्टेंबर २२०, ऑक्टोबर २५०, नोव्हेंबर २१०, डिसेंबर १८०, जानेवारी १८०, फेब्रुवारी २०० आणि मार्च २५०. बेरीज २,८८०. तिला ३६५ ने भागा. दिवसाला आठ युनिटांना किंचित कमी.

दुसरी बाजू उन्हाची. आपल्या भागात एक किलोवॉटचा संच वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिटे देतो. मार्च-एप्रिलमध्ये जास्त, आषाढ-श्रावणात बरीच कमी. पण सरासरी चार धरून चालावे. कोणी म्हणेल, ऊन तर बारा तास असते, मग बारा का नाहीत? कारण पॅनेलावर लिहिलेला किलोवॉट हा परीक्षाघरातला असतो: भर दुपारचे ऊन आणि सेलचे तापमान २५ अंश. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन त्या मापाचे नसते. शिवाय आमच्या सोलापुरात मे महिन्यात पॅनेल साठ अंशांपर्यंत तापते, आणि तापले की दर अंशामागे साधारण तृतीयांश टक्का वीज घटते. म्हणजे शंभरातले दहाबारा भाग निव्वळ उष्म्यापायी जातात. पॅनेलला उजेड आवडतो, पण त्यालाही घाम येतो. सोलापूरचे कडक ऊन म्हणजे सर्वांत जास्त वीज, ही समजूत त्यामुळे खरी नव्हे.

तेव्हा आठाला चारने भागा. फिटरला दोन किलोवॉट हवे. एवढेच गणित आहे, आणि ते पाचवीचा मुलगा करू शकतो.

याच फिटरकडे आलेल्या विक्रेत्याने मात्र फक्त मे महिन्याचे बिल मागून घेतले होते. ३५० ला ३० ने भागले, चारने भागले, आणि तीन किलोवॉट काढून दिले. गणितात चूक नाही. चूक महिना निवडण्यात आहे. हाच डाव मालक मंडळी आमच्याशी खेळत. ज्या महिन्यात जादा पाळ्या झाल्या त्या महिन्याचा पगार दाखवून म्हणायचे, "पाहा, कामगाराला किती मिळते!" आम्ही तेथे वर्षाचा हिशेब मागत होतो. छपराच्या बाबतीत तो मागायला विसरलो.

आता कोणी शंका काढील की, थोडा मोठा घेतला तर बिघडले कोठे? जादा वीज कंपनीला जाते, तिचे पैसे मिळतात. या शंकेचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे, कारण सारे मर्म यात आहे.

घरगुती विजेचे दर पायऱ्यांचे असतात. महावितरणच्या बिलात पहिली शंभर युनिटे सर्वांत स्वस्त. १०१ ते ३०० बरीच महाग. ३०१ ते ५०० आणखी महाग. त्यापुढची सर्वांत महाग. नेट मीटर बसला की वापरातून छपराची वीज वजा होते आणि उरलेल्या युनिटांवर आकारणी होते. वजाबाकी वरून होते. महाग युनिटे आधी जातात. महिन्याला २४० युनिटे वापरणाऱ्या घराने एक किलोवॉट बसवला, तर सुमारे १२० युनिटे कमी होतील, आणि ती सगळी महाग पायरीवरची असतील. दुसरा किलोवॉट बसवला तर पुढची १२० जातील. त्यांतली वीस महाग, शंभर स्वस्त. तिसरा बसवला तर घरातले काहीच उरलेले नाही. ती युनिटे कंपनीकडे जमा होतील. महिन्याची जमा पुढच्या महिन्यात वापरता येते, पण आर्थिक वर्षाच्या अखेरीस जे शिल्लक राहील त्याला जो दर मिळतो तो आपण विजेला देतो त्याहून पुष्कळ कमी असतो.

म्हणजे पहिला किलोवॉट सर्वांत जास्त कमावतो, दुसरा त्याहून कमी, आणि गरजेबाहेरचा तिसरा सर्वांत कमी. आता अनुदानाची पायरी आठवा: ३०,०००, ३०,०००, १८,०००, आणि मग शून्य. दोन्ही जिने खालीच उतरतात. आम्ही मात्र अनुदानाची बेरीज पाहिली, पायरी पाहिली नाही. १८,००० मिळवण्यासाठी आमच्या सभासदांनी त्याहून कितीतरी अधिक पैसे पदरचे घातले. सूट मिळते म्हणून नको असलेले लुगडे घेणाऱ्या माणसाला आपण हसतो. आम्ही अठ्ठावीस घरांना तेच करायला लावले.

वर्षअखेरीच्या या नियमात आणखी एक खोच आहे. डिसेंबर-जानेवारीत पंखे बंद असतात, वीज उरते. ती शिल्लक एप्रिल-मेच्या कूलरला उपयोगी पडेल असे वाटते. पण मधे ३१ मार्च येतो आणि खाते मिटते. म्हणून हिशेबाने १.९ किलोवॉट निघाले तर दोन घ्यावे, २.२ निघाले तरीही दोनच घ्यावे, असे आमचे मत आहे. किंचित कमी पडलेला संच उन्हाळ्यात थोडे बिल देतो, आणि तेही बहुतेक स्वस्त पायरीचे. जास्त झालेला संच पंचवीस वर्षे भाडे न देणारा भाडेकरू होऊन छपरावर बसतो. नियम आणि दर बदलत असतात. तेव्हा सही करण्याच्या आठवड्यात वीजकंपनीच्या कचेरीत जाऊन सध्या काय चालू आहे ते विचारून घ्यावे. विक्रेत्याला नव्हे, कचेरीत. बिलावरचा मंजूर भारही तेथेच पाहून घ्यावा.

आता छपराकडे वळू. वापर मोजून दोन किलोवॉट निघाले, पण छपरावर जागा एकाचीच असली तर? एक किलोवॉटला, चालण्याफिरण्याची वाट धरून, ऐंशी ते शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते. मोकळी याचा अर्थ नुसती रिकामी नव्हे. सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत जिच्यावर सावली पडत नाही अशी. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजारच्याची नवी भिंत, गच्चीचा कठडा, या सर्वांच्या सावल्या मोजाव्या. आणि त्या डिसेंबरात मोजाव्या, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सावल्या लांब पडतात. पॅनेले साखळीने जोडलेली असतात. बांधकामावर माणसे रांगेत उभी राहून घमेली हातोहात पुढे देतात, ती रांग डोळ्यांसमोर आणा. मधला एक जण थकला की सारी रांग मंदावते. एका पॅनेलवर टाकीची सावली पडली की साखळीची तीच गत होते. सावलीतल्या तीन किलोवॉटपेक्षा उन्हातले दोन बरे. तोंड दक्षिणेला असावे, उतार साधारण आपल्या अक्षांशाइतका, म्हणजे आमच्याकडे सतराअठरा अंश. आणि आठवड्यातून दोनदा सकाळी, पॅनेल थंड असताना, पाण्याने धूळ उतरवावी. गच्चीवर जायला धड जिना नसेल तर हे काम होत नाही, हेही आधीच ध्यानात घ्यावे.

जे चाळीत किंवा सोसायटीत राहतात त्यांचे छप्पर सामाईक असते. तेथे एकट्याने घाई करू नये. पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, लिफ्ट अशा सामाईक वापरासाठी गृहसंस्थांना किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदानाची सोय याच योजनेत आहे. सामाईक बिल उतरले की प्रत्येकाची वर्गणी उतरते. संघटनेचा हा पहिला धडा छपरालाही लागू पडतो.

आता एका गैरसमजाकडे येतो, ज्यात माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. पुष्कळांना वाटते, छपरावर वीज तयार होते, तेव्हा गावची वीज गेली तरी आपल्या घरात दिवे राहतील. तसे होत नाही. वीजवाहिनीला जोडलेला साधा संच, वाहिनीतली वीज गेली की आपोआप बंद पडतो. आणि तो बंद पडलाच पाहिजे. कारण वीज गेली की कोठेतरी एक लाइनमन खांबावर चढलेला असतो. तार मृत आहे या भरवशावर त्याने तिला हात लावलेला असतो. आपल्या छपरावरून त्या तारेत वीज शिरली, तर तो भरवसा त्याचा जीव घेईल. म्हणून "वीज गेली तरी चालू राहील अशी जोडणी गुपचूप करून देतो" असे कोणी म्हणाला तर त्याला दारातून परत पाठवा. खांबावरचा तो माणूस आपल्यापैकीच कोणाचा तरी भाऊ आहे.

वीज गेल्यावरही उजेड हवा असेल, तर मान्यताप्राप्त संकरित यंत्रणा आणि बॅटरी घ्यावी लागते, आणि तिचे माप निराळे काढायचे असते. तेथे सारे घर चालवायचे नाही. फक्त अडचणीचे तास काढायचे आहेत. दोन कमी विजेचे पंखे ६० वॉट, नऊ वॉटचे चार दिवे ३६ वॉट, दूरदर्शनसंच ६० वॉट; मिळून १५६. चार तास धरले तर सव्वासहाशे वॉट-तास, म्हणजे पाऊण युनिटाच्या आत. बारा व्होल्टांची दीडशे अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी १.८ युनिटे साठवते. तिला निम्म्याहून खाली उतरू दिले की तिचे आयुष्य घटते, म्हणून वापरायची ०.९. एक बॅटरी पुरली! ज्याच्या भागात वीज महिन्यातून एकदा तासभर जाते त्याने बॅटरीच्या नादी लागू नये. तिची किंमत आणि काही वर्षांनी बदलण्याचा खर्च मिळून बचत खाऊन टाकते.

भविष्याचे काय, असे विचारले जाते. मुलाचे लग्न होईल, घरात माणसे वाढतील, विजेवरची स्कूटर येईल. जे वर्षदोन वर्षांत नक्की येणार आहे ते मोजावे. जे नुसते मनात आहे ते मोजू नये. रोज तीस किलोमीटर चालणारी स्कूटर साधारण एक युनिट खाते; म्हणजे पाव किलोवॉट. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र रात्रीचे सहा तास चालले तर सहाआठ युनिटे खाते. म्हणजे दीडदोन किलोवॉट. हा फरक एवढा मोठा आहे की यंत्र घेण्याचा विचार पक्का असेल तरच तो हिशेबात धरावा. शंका असेल तर छपरावर जागा राखून ठेवावी. पॅनेले पुढे रीतसर परवानगीने वाढवता येतात. घेतलेली पॅनेले परत करता येत नाहीत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आम्ही शेवटी ठेवली, कारण ती कोणताच विक्रेता सांगत नाही. संच मोजण्याआधी गरज छाटावी. त्या भगिनीच्या घरात ७५ वॉटचे दोन जुने पंखे दिवसाला दहा तास चालत. महिन्याला ४५ युनिटे. नव्या प्रकारचे तीस वॉटचे पंखे लावले तर तेच काम अठरा युनिटांत होते. नव्वदांतली सत्तावीस युनिटे येथेच वाचली, खर्च फार तर पाचसहा हजारांचा. उरली त्रेसष्ट, म्हणजे दिवसाला दोन युनिटांहून किंचित अधिक. अर्धा किलोवॉट! तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर हे होते: "ताई, तुम्हांला तीन किलोवॉट नको होते. आधी दोन पंखे बदलायचे होते, आणि त्यानंतरही हवा वाटला असता तर फार तर एक किलोवॉट, तोही कर्जाशिवाय झेपला असता तर." पुढे २०२५ साली महाराष्ट्र शासनाने शंभर युनिटांच्या आत वापर असणाऱ्या आणि गरीब कुटुंबांसाठी वेगळी मदत जाहीर केली, ती एक किलोवॉटच्या संचासाठीच. आमचे परिपत्रक निघाले तेव्हा एवढा विचार आम्हांला सुचला असता तर!

आपण विचाराल, त्या नऊ घरांचे पुढे काय झाले? उतरवलेला संच कोणी पुऱ्या किमतीला घेत नाही. आम्ही कर्जसंस्थेशी बोलून त्या भगिनीची मुदत वाढवून घेतली. हप्ता १,७९० वर आला. एकूण व्याज मात्र बावीस हजारांनी वाढले. ते बावीस हजार संघटनेच्या निधीतून देण्याचा ठराव आम्ही मांडला, आणि सभासदांनी तो एकमताने मंजूर केला. ज्यांनी आमच्या परिपत्रकामुळे संच घेतला नव्हता त्यांनीही हात वर केले, हे आम्ही विसरणार नाही. तिच्या सुनेने विजेची शेगडी घेऊन निम्मा स्वयंपाक तिच्यावर सुरू केला. गॅसची टाकी आता दुप्पट दिवस जाते. नुकसान पुरते भरून निघाले नाही, पण त्यातल्या त्यात घडी बसली.

संघटनेत आम्ही आता एक नियम केला आहे. संच घ्यायचा म्हणणाऱ्या सभासदाने बारा महिन्यांची बिले घेऊन कचेरीत यावे. दोन माणसे त्याच्यासमोर बेरीज करतात, छपरावर जाऊन सावली पाहतात, आणि तिसरा प्रश्न विचारतात: महिन्याचा हप्ता हा महिन्याच्या बचतीहून कमी आहे काय? नसेल तर आम्ही त्याला घरी पाठवतो. दरपत्रकावर पॅनेलांचा एकूण जोर, इन्व्हर्टरचा जोर, दोहोंची हमी, आणि अनुदानासाठी लागणारी देशी बनावटीच्या सेलची अट, या चार गोष्टी लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ देत नाही. या तपासणीतून गेलेल्या पहिल्या बारा घरांपैकी सात जणांनी विक्रेत्याने सुचवलेल्यापेक्षा लहान संच घेतला, आणि दोघांनी घेतलाच नाही. घेतला नाही हेही आम्ही यशच समजतो.

बंधुभगिनींनो, सूर्य कोणाचा मालक नाही आणि कोणाचा नोकर नाही. त्याचे ऊन बंगल्यावर आणि दोन खोल्यांच्या स्लॅबवर सारखेच पडते. पण ते पकडण्याचे साधन बाजारातून येते, कर्जाने येते, आणि बाजार आपल्याला नेहमी मोठे माप दाखवतो. आपले माप आपल्याला ठाऊक असणे हाच त्यावर उपाय. आज घरी गेल्यावर कपाटातली बारा बिले काढा. संच घ्यायचा नसला तरी काढा. एका पांढऱ्या कागदावर बेरीज करा, ३६५ ने भागा, चारने भागा. जो आकडा येईल तो आपल्या हाताने काढलेला असेल; त्यावर कोणा विक्रेत्याची छाप नसेल, कोणा पुढाऱ्याची सही नसेल. आमचीसुद्धा नसेल, आणि तेच बरे.